एकशे आठ वॅट

लॅपटॉपची तक्रार घेऊन येणारा माणूस काउंटरवर आधी लॅपटॉप ठेवतो. तवनाप्पा मुरचिट्ट्यांनी आधी फळी ठेवली. हातभर लांबीची सनमायकाची फळी, तिच्यावर दोन सॉकेट, दोन बटणं आणि लाल आकडे दाखवणारी दोन मीटरं.

"ह्यो आमचा टेस्टिंगचा बोर्ड," ते म्हणाले. "हुपरीत मोटरा वाइंडिंग करतो मी. मोटर भरली की ह्याच्यावर लावायची, किती वॅट खाती बगायचं. खाल्ल्याबिगर कोन काम करत न्हाई सर, मानूस असू दे न्हाईतर मोटर."

त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, पाठीवरची बॅग पुढे छातीशी धरून. सन्मती. तिला पाहताच मला हसू आलं, कारण माझ्या एका गाजलेल्या विनोदाची ती मूळ मालकीण होती.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला सगळे 'शिपुगडे सर' म्हणत. मालक बिपीनशेठ स्वतः गल्ल्यावरून ओरडायचे, "ह्यांना शिपुगडे सरांकडं पाठवा, ते एक्स्पर्ट आहेत." एक्स्पर्ट म्हणजे काय, तर मला सगळ्या मॉडेलांचे आकडे पाठ होते आणि जीभ तयार होती. न येणाऱ्या प्रश्नाला मी उत्तर देत नसे, टोला देत असे. गिऱ्हाईक हसलं की प्रश्न विसरतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शिकलो होतो.

दोन महिन्यांपूर्वी सन्मती एकटीच लॅपटॉप घ्यायला आली होती. तिला चांदीच्या दागिन्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर त्रिमितीत करायची होती, त्यासाठी गेमिंगचा लॅपटॉप हवा होता. दोन मॉडेलं समोर होती. एक जाडजूड, दिसायला ओबडधोबड. दुसरं पातळ, चंदेरी. दोन्हींवर ग्राफिक्स कार्डाचा स्टिकर एकच होता. तिने जाड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, ह्यातल्या कार्डाला किती वॅट मिळतात? आणि त्या पातळमधल्या कार्डाला?"

सहा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, वॅट मिक्सरला विचारतात. इथं चटणी वाटायची आहे का?"

सगळं दुकान हसलं. ती लाल झाली आणि स्वतःही थोडंसं हसली. मग मी मोठ्या मनाने समजावून सांगितलं की नाव एक म्हणजे कार्ड एक, कार्ड एक म्हणजे काम एक. रोज एसटीने ने-आण करायची तर पातळ बरा. तिने पातळ घेतला. तो मिक्सरचा विनोद मी त्यानंतर पंधरा-वीस गिऱ्हाइकांवर तरी चालवला असेन.

आता तीच मुलगी बापाला आणि मीटरांना घेऊन आली होती.

"बोला मुरचिट्टे साहेब, काय खातोय आमचा लॅपटॉप?" मी म्हणालो.

"कमी खातोय," ते म्हणाले. त्यांना विनोद कळला नाही किंवा त्यांनी तो घेतला नाही. "पोरीच्या मैत्रिनीकडं बी हेच नाव असलेलं कार्ड हाय. तिचं मशीन जाडं हाय. त्ये बोर्डावर लावलं, काम दिलं, तर एकशे पंच्याऐंशी वॅट. आमचं लावलं, तेच काम दिलं, तर एकशे चार. बॅटऱ्या दोन्हींच्या फुल भरून घेतल्या हुत्या, म्हंजे चार्जिंगचा हिशोब त्यात न्हाई. मी म्हनलं, पाटीवर नाव एकच, आन् एक मोटर दीड हॉर्सपॉवरची चालती, दुसरी पाऊनची. असं कसं?"

"आमच्यात पाटीवर एचपी लिहितात," सन्मती हळूच म्हणाली. "ह्याच्या स्टिकरवर काहीच नाही."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मुंबईच्या एका दागिन्यांच्या कंपनीने सन्मतीला परीक्षा म्हणून पैंजणांची सहा डिझाइनं दिली होती. प्रत्येकाचा गोल फिरणारा व्हिडिओ करून दहा दिवसांत पाठवायचा. तिची सहाही डिझाइनं तयार होती, पण लॅपटॉपमधून व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला इतका वेळ लागला की चारच गेले. कंपनीला काम आवडलं होतं. त्यांनी पुन्हा एक संधी दिली होती, सहा नवी डिझाइनं, मुदत येत्या सोमवारची. त्या दिवशी मंगळवार होता.

"चुलते म्हनत्यात पोरीला जमत न्हाई, बँकेच्या परीक्षेला बसवा," तवनाप्पा म्हणाले. "पोरगी म्हनती मशीन कमजोर हाय. मी म्हनलं, भांडायचं कशाला? मोजून बगू. मशीनचा दोष असंल तर सर बदलून देतील, फरक मी भरतो. दोष नसंल तर पोरीनं गप ऐकायचं. काय गं?"

"चालेल आप्पा," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. आपलं बरोबर आहे याची तिला खात्री होती.

मी म्हणालो, "दोन मिनिटं, मी जरा कागद बघतो," आणि आतल्या खोलीत गेलो. विक्रेत्यांना कंपनीकडून प्रत्येक मॉडेलची माहितीपत्रकं येत. ती मी कधी पहिल्या पानापुढे वाचली नव्हती. पातळ मॉडेलच्या तिसऱ्या पानावर, तळाशी, मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: ग्राफिक्सची कमाल वीजमर्यादा साठ वॅट. जाड्याच्या पत्रकात त्याच जागी एकशे पंधरा.

गोष्ट साधी होती. पातळ यंत्राला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून कंपनी त्यातल्या कार्डाला वीजच कमी देते. कार्ड तेच, नाव तेच, पण अर्धपोटी ठेवलेलं. हुपरीतल्या एका वाइंडिंगवाल्याने घरच्या बोर्डावर हे शोधून काढलं होतं आणि एक्स्पर्ट शिपुगडे सर मिक्सरवर विनोद करत बसले होते.

मी बाहेर येऊन एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, तुमचं बरोबर आहे. बिपीनशेठ कुरकुरले असते, पण मशीन बदलून मिळालं असतं. अशी अदलाबदल आम्ही करत होतो. मी तसं म्हणायच्या तयारीने बाहेर आलोसुद्धा.

बाहेर आलो तर काउंटरपाशी इंजिनिअरिंगची चार पोरं उभी होती. त्यांना अर्ध्या तासापूर्वी मी तोच पातळ लॅपटॉप घ्यायला पटवलं होतं, फक्त बिल व्हायचं होतं. ती पोरं त्या लाल आकड्यांच्या बोर्डाकडे कुतूहलाने बघत होती. त्यांतलं एक म्हणालं, "सर, खरंच फरक असतो का वॅटचा?" आणि गल्ल्यावरून बिपीनशेठ म्हणाले, "सांगा सर, ह्यांना नीट सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते बघणं फार आवडायचं.

"सांगायचं कशाला? समोरासमोर टेस्ट घेऊ," मी म्हणालो. "मुरचिट्टे साहेब, तुमचाच बोर्ड, तुमचीच फाइल. आमचा डेमोचा जाडा लॅपटॉप शेजारी लावू. मग तर पटेल?"

"ह्ये बेस्ट झालं!" तवनाप्पा खूश झाले. "म्हंजे कुनाला बोलायला जागा न्हाई."

जाड्या लॅपटॉपवर एक सोय असते. दोन बटणं एकदम दाबली की पंखा शांत करण्यासाठी यंत्र स्वतःची वीज आपणहून कमी करून घेतं. वाचनालयात वगैरे बसणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे ती. चालू करायच्या बटणाचा दिवा लाल असतो तो निळा होतो, आणि यंत्र जवळजवळ पातळ्याइतकंच मंद होतं. ही गोष्ट मात्र मला चांगली माहीत होती. डेमोचा लॅपटॉप शोकेसमधून काढून काउंटरवर ठेवताना मी पोरांकडे पाठ केली आणि ती दोन बटणं दाबली.

हे करायला मला विचार करावा लागला नाही. आजही मी त्या क्षणात काही घालमेल शोधायला जातो, सापडत नाही.

सन्मतीने पेन ड्राइव्हवरून तिची फाइल दोन्हींवर घातली. व्हिडिओची दहा चित्रं बाहेर काढायची, वेळ लावायची. तवनाप्पांनी दोन्ही चार्जर बोर्डावर लावले, चष्मा नाकावर ओढला आणि मोटर सुरू करताना म्हणत असतील तशा आवाजात म्हणाले, "द्या सप्लाय."

दोन्ही यंत्रं चालू झाली. पातळ्याचं मीटर चढत चढत एकशे चारवर स्थिरावलं. जाड्याचं एकशे आठवर.

"एकशे आठ," तवनाप्पांनी मोठ्याने वाचलं. मग जरा वाकून त्यांनी जाड्या लॅपटॉपला कान लावला. "पंखा लई गप चाललाय ह्याचा. एवढ्या मोठ्या धुडाला एवढासा वारा?"

"ती क्वालिटी आहे," मी म्हणालो. पोरं हसली.

जवळजवळ दहा मिनिटं आम्ही सगळे तसेच उभे होतो. पातळ्याला नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागले, जाड्याला नऊ मिनिटं वीस. तवनाप्पांनी खिशातल्या छोट्या वहीत चारही आकडे लिहून घेतले. वही मिटली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"आप्पा," सन्मती म्हणाली, "त्या मशीनच्या बटनाचा दिवा निळा आहे. शोकेसमध्ये होतं तेव्हा लाल होता. मी बघितलो."

मी तिच्याकडे न बघता बोललो. "मॅडम, तो चार्जिंगचा दिवा आहे. चार्जर लावला की रंग बदलतो."

"नाही सर. तो..."

"गप!" तवनाप्पा ओरडले. माझ्यावर नाही, तिच्यावर. "मीटर काय खोटं बोलतंय व्हय? डोळ्यांनी बगितलास न्हवं? दोन म्हैने मशीनला नावं ठेवलीस. बापाला बोर्ड उचलून इथवर आनलंस. आता मानसावर आळ घ्यायला लागलीस? चारचौघांत सरांना खोटं पाडतीस?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मी आता तरी बोलेन, अशी ती वाट पाहत होती. मी डेमोच्या लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. चांगली नीट, एकसारखे वेढे घेत गुंडाळली.

तवनाप्पांनी माझ्यापुढे हात जोडले. "सर, माफ करा. घरच्या बोर्डावर मैत्रिनीच्या मशीनला मी एकशे पंच्याऐंशी बगितलं हुतं, ते कायतरी माजंच चुकलं असंल. सॉकेट ढिलं असंल. तुमचा वेळ घेतला."

"असं होतं साहेब," मी म्हणालो. "लॅपटॉप म्हणजे मोटर नव्हे."

त्यांनी फळी उचलली, सन्मतीने बॅग उचलली, आणि ते गेले. इंजिनिअरिंगच्या चौघांपैकी तिघांनी लगेच बिल केलं. बिपीनशेठनी माझ्यासाठी बाहेरून थंड मागवलं आणि तीन-तीनदा सांगितलं की गिऱ्हाइकाला गप्प कसं करायचं ते शिपुगडेंकडून शिका.

जेवणाच्या वेळी दुकान रिकामं झालं. सन्मतीची फाइल डेमोच्या लॅपटॉपवर तशीच राहिली होती. मी ती दोन बटणं पुन्हा दाबली, दिवा लाल झाला, पंखा घोंघावायला लागला, आणि मी फाइल चालवली. पाच मिनिटं पन्नास सेकंद. दहाही चित्रं एकामागून एक उघडून बघितली. पैंजण होतं. नाजूक साखळी, खाली बारीक घुंगरांची दाट ओळ, आणि प्रत्येक घुंगराच्या चिरेत आतला खडा दिसत होता. ते कुणी बघणार नव्हतं, पण तिने तो प्रत्येकात घातला होता. मी फाइल पुसून टाकली आणि डबा खाल्ला.

सोमवारपर्यंत सहा दिवस होते. ते मला रोज माहीत होतं. बुधवारी वाटलं, उद्या जाऊ. गुरुवारी दुकानात माल आला. शुक्रवारी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला पातळ आणि जाड्यातला फरक नीट सांगितला, आणि त्यावर स्वतःला जरा माफही केलं. शनिवारी, रविवारी काय केलं आठवत नाही. मी गेलो तो पुढच्या गुरुवारी, रजा काढून, मोटारसायकलवरून. सोमवार टळल्यावरच माझं धाडस झालं, हे मी स्वतःशी पुष्कळ वर्षांनी कबूल केलं.

मुरचिट्ट्यांचं दुकान स्टँडपासून जवळच होतं. एक खोली, बाहेर उघडलेल्या मोटरी, आत व्हार्निशचा वास. सन्मती एकटीच होती. हाताने फिरवायच्या यंत्रावर तांब्याची तार भरत होती, ओठांतल्या ओठांत मोजत. मला बघितलं, पण मोजणं थांबवलं नाही. वेढे मोजताना मध्ये बोललं की सगळी तार उलगडून पुन्हा भरावी लागते, एवढं मलाही समजत होतं. मी उभा राहिलो. ती एकशे चाळीसपर्यंत गेली, तारेला दोऱ्याची गाठ मारली आणि मग म्हणाली, "आप्पा एका पंपाला गेलेत. येतीलच."

"मला तुमच्याशीच बोलायचं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी मशीन मी सायलेंटवर टाकलं होतं."

"माहीत आहे."

"तुमचं बरोबर होतं. पातळला साठच वॅट मिळतात. माझ्याकडं कागद आहे. मशीन बदलून देतो, शेठशी मी बोलतो. कंपनीला आपण मुदत मागू."

"मागितलो मी," ती म्हणाली. "मंगळवारी फोन केला होता. त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं."

मी म्हणालो, "आप्पांना मी स्वतः सांगतो. आजच. तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

"नको."

"का?"

तिने भरलेली कॉइल यंत्रावरून उतरवली. "आप्पा माझ्यावर कधी ओरडले नव्हते सर. एकदापण नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, तेपण लोकांसमोर. घरी आल्यावर जेवले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलता येत नव्हतं त्यांना, माझी चूक आहे असं समजूनसुद्धा. आता कुठं बोलायला लागलेत. मी खरं बोलत होतो आणि त्यांनी मला गप केलं, हे त्यांना कळलं तर काय होईल? तुमचं मन हलकं होईल सर. त्यांचं काय?"

"पण मग तुमचं?"

"बँकेच्या क्लासचा फॉर्म भरलाय," ती म्हणाली आणि दुसरी कॉइल भरायला नवी तार लावू लागली.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं. मी एवढ्या लांब सांगायला आलो होतो आणि मला सांगू नका म्हणून विनवणी होत होती. यापेक्षा स्वस्तात कोण सुटतं? मी मान हलवली. ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं, असं काहीतरी पुटपुटलो.

तेवढ्यात तवनाप्पा आले. ग्रीसने माखलेले हात तसेच वर करून म्हणाले, "अरे, सर! आमच्या दारात?" त्यांनी कोपराने स्टूल पुढे सरकवलं, समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले आणि फडक्याला हात पुसत माझ्यासमोर बसले. मी का आलो हे त्यांनी विचारलंच नाही. मी या बाजूला आलो होतो, असं मीच सांगून टाकलं.

चहा आला. त्यांनी चहा बशीत ओतला.

"बरं झालं आलासा," ते म्हणाले. "त्या दिवसापास्नं माज्या मनात एक ऱ्हाऊन गेलंय. मी माफी मागितली, पर चूक कुनाची? सन्मती, इकडं ये. सरांवर खोटा आळ घेतला हुतास. माफी माग."

"असू दे साहेब, त्याची काही गरज..."

"न्हाई सर. तुमी मोठ्या मनाचे हाय म्हनून बोलत न्हाई. पर पोरीला कळाय पायजे. माग गं."

यंत्र थांबलं. ती मोजत होती. किती वेढे झाले होते कोण जाणे, ती सगळी तार आता उलगडावी लागणार होती. ती उठून आमच्यासमोर आली. तिने एकदा बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चुकलं सर माझं," ती म्हणाली.

तवनाप्पा माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणतो याची वाट पाहत.

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं. पुन्हा नका करू."